'एका भाबड्या झुलू'चे नाव

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या इंग्रज बिशप कोलेन्सोंवर पाऊण पान लेख होता. लेखक महाशय अभ्यासू आहेत, वाद नाही. १८५४ साली तिथल्या नाताळ वसाहतीत उतरलेल्या माणसाने १८६१ पर्यंत तिथल्या झुलू लोकांच्या भाषेचा झुलू-इंग्रजी शब्दकोश काढला, पुढे टोळीप्रमुख लांगालिबालेलेच्या आणि झुलू राजा सेत्श्वायोच्या पाठीशी उभे राहून तिथल्या गोऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, लोक त्यांना 'सोबांतु', म्हणजे जनतेचा बाप म्हणत, सगळे कबूल.

पण बायबलातल्या जलप्रलयाच्या गोष्टीचे झुलूत भाषांतर चालू असताना त्यांना अडवले कोणी? तर लेखाप्रमाणे 'एका भाबड्या झुलूने'. थंड मुलखातले, उष्ण मुलखातले झाडून सगळे प्राणी जोडीजोडीने तारवात आले, हे खरे का? हिंस्र पशुपक्ष्यांच्या खाण्याचीही सोय नोहाने केली का? असे विचारणारा भाबडा असेल, तर आम्ही बाकीचे कोण? त्या प्रश्नातून बिशपांनी बायबलातल्या गोष्टींवर शंका घेणारे पुस्तक लिहिले आणि १८६३ साली केपटाउनच्या बिशपांनी त्यांना पदावरून काढायचा निकाल दिला. विचारणाऱ्याचे नाव विल्यम न्गिदी.

त्या पुस्तकाच्या १८६२ च्या प्रस्तावनेत खुद्द कोलेन्सोंनीही नाव घातलेले नाही, हे मला ठाऊक आहे. पण झुलू राजा म्पांडेच्या भेटीची न्गिदीने आणि आणखी दोघांनी लिहिलेली हकीकत त्यांनीच १८६० साली नावांनिशी छापली होती. त्या दोघांतला मागेमा फुझे बिशपांच्या एकुखान्येनी मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. १९२२ साली त्याचे स्वतःचे झुलू पुस्तक निघाले. तेव्हा नाव सापडत नव्हते, ही सबब चालणार नाही.

मी इतका का चिडलो, तेही सांगतो. माझे वडील मराठी शाळेत मास्तर. एक परदेशी अभ्यासक दोन वर्षे रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर मराठी शिकायला यायचे. 'बाळ' म्हणायला गेले की 'बाल' व्हायचे. वडील तोंड उघडून जीभ कुठे लावायची ते दाखवायचे आणि आम्ही पोरे दाराआड हसायचो. आईने दळताना म्हटलेल्या ओव्या वडिलांनी दोन वह्या भरून उतरवून दिल्या. पुढे पुस्तक पोस्टाने आले. आभाराच्या पानावर विद्यापीठ, शिष्यवृत्ती देणारे, टंकलेखक, सगळे नावानिशी. वडील कुठे? 'गावातले एक शिक्षक'. ते काही बोलले नाहीत. पुस्तकाला खाकी कव्हर घातले. ते गेल्यावर मी पान उघडले, तर त्या शब्दांशेजारी समासात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, त्यांनी स्वतःचे नाव लिहिलेले. पेन्सिलीनेच. शाईने नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, एवढेच मागणे. जागेची अडचण असेल, तर राशिभविष्य थोडे आवरा. शनिवारचेच रविवारी छापता, हे कोणाच्या लक्षात येत नाही असे समजू नका.

आणि हो, एसटी स्टँडवरच्या नळाबद्दलचे माझे मागचे पत्र आपण 'एक वाचक' म्हणून छापलेत. या वेळी नाव खाली सुवाच्य अक्षरात लिहिले आहे.

– एक वाचक, संगमनेर