लॉर्ड बेटमनच्या सचित्र गाण्याविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. जुन्या दंतकथांवरची इंग्रजी विनोदी गाणी आणि त्यांची सचित्र स्वरलिपी यांना तू मूळ कथागीतांच्या पंक्तीला बसवायला तयार नाहीस, आणि त्यासाठी हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्ड यांचा दाखला देतोस. 305 कथागीतांचे पाठ गोळा करणाऱ्या त्या माणसाविषयी मलाही अपार आदर आहे. पण ‘लॉर्ड लव्हेल’ आणि ‘लॉर्ड बेटमन’ यांच्या विडंबनांमागे केवळ ढोबळ अभिरुची आहे, हे त्यांचे मत मला मुळीच पटत नाही.

बेटमनचेच घे. टॉमस बेकेट, म्हणजे 1170 साली कॅन्टरबरीच्या चर्चमध्ये ज्याचा खून झाला तो आर्चबिशप, याच्या वडिलांविषयी एक आख्यायिका होती. गिल्बर्ट बेकेट परमुलखात कैदेत पडला, तिथल्या अमीराची मुलगी त्याच्यावर भाळली आणि पुढे ‘लंडन’ आणि ‘गिल्बर्ट’ एवढ्या दोनच शब्दांच्या आधारावर त्याला शोधत इंग्लंडला पोचली. गाण्यातही असेच घडते: तुर्काची मुलगी सोफिया किल्ल्या चोरून बेटमनला सोडवते, दोघे सात वर्षांचा वायदा करतात, आणि मुदत सरल्यावर ती त्याच्या दारात येते, तेव्हा आत त्याचे दुसरीशी लग्न नुकतेच लागलेले असते!

इंग्रज व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँक हे गाणे लंडनच्या गल्लीतल्या गायकाच्या ठसक्यात, कॉकनी म्हणजे तिथल्या सामान्य लोकांच्या बोलीतल्या उच्चारांसह स्वतः म्हणत असे. 1839 साली लंडनचा प्रकाशक चार्ल्स टिल्ट याने ते छोट्या पुस्तकाच्या रूपाने काढले. त्यात क्रुकशँकची अकरा कोरीव चित्रे आहेत, चालीची स्वरलिपी आहे, आणि विद्वानांच्या भाष्याची थट्टा करणाऱ्या टिपा आहेत, ज्या कादंबरीकार डिकन्सच्या मानल्या जातात. शीर्षकपानावर लंडनच्या प्रकाशकाशेजारी कॉन्स्टँटिनोपलचा एक काल्पनिक प्रकाशकही छापलेला आहे. चित्रांतल्या रेषा मोजक्या आणि मोकळ्या आहेत, त्यांत छायेचा भार फारसा नाही. एका चित्राखालची ओळ सांगते की नवरीची आई इथे प्रथमच मोकळेपणाने बोलताना ऐकू येते. गाण्यात तिच्या वाट्याला जेमतेम जागा आहे, पण चित्रात ती सगळे लग्नघर दणाणून सोडते. इथे चित्र केवळ शोभेला नाही. गाणाऱ्याने कुठे थांबावे आणि कोणता आवाज काढावा, हे ते सांगते, आणि स्वरलिपीला हे सांगता येत नाही.

आपल्या संगीत नाटकांच्या पद्यपुस्तिका तुझ्याकडे आहेत. त्यांत राग, ताल किंवा ‘चाल अमुक पदाची’ एवढेच असते. ज्याला ती चाल ठाऊक त्यानेच गावे. क्रुकशँकच्या पुस्तकाने मात्र चाल, हावभाव आणि कथा घरच्या पियानोपर्यंत एकत्र पोचवली.

लॉर्ड लव्हेल हा रंगभूमीचा खरा मानकरी. प्रेयसीला मागे ठेवून तो देश पाहायला जातो, परततो तेव्हा चर्चच्या घंटा तिच्या मृत्यूची बातमी देतात, आणि दुःखाने तोही मरतो. मग दोघांच्या थडग्यांवरचा गुलाब आणि काटेरी वेल वर जाऊन गाठ बांधतात. विनोदी गायक सॅम कॉवेल हे गाणे लंडनमधल्या इव्हान्सच्या सपर रूम्समध्ये, म्हणजे जेवता जेवता गाणी ऐकण्याच्या जागेत, आणि 1852 साली लंडनमध्येच उघडलेल्या कॅन्टरबरी हॉल या गाण्याच्या रंगमंदिरात रंगवत असे. शोककथा तशीच ठेवून केवळ म्हणण्याच्या ढंगातून तो माणसांना हसवायचा. या हसण्यात मूळ कथेचा अपमान आहे असे मला वाटत नाही. ज्यांना ती पाठ आहे तेच तिच्यावर असे हसू शकतात.

पुढे ॲल्फ्रेड कॉन्कॅनेनसारख्या चित्रकारांनी म्युझिक हॉलच्या, म्हणजे अशाच करमणुकीच्या रंगमंदिरांतल्या, गाण्यांची मुखपृष्ठे शिळाछापाने, म्हणजे दगडावरून छापण्याच्या तंत्राने, रंगीत केली. शिळाछापाचा जनक झेनेफेल्डर स्वतः नाटककार होता आणि सुरुवातीला त्याने या तंत्राने संगीतच छापले. आपल्या शिळाप्रेसवरच्या पोथ्या त्याच तंत्राच्या. तरीही माझा जीव 1839च्या त्या छोट्या पुस्तकात अधिक आहे, कारण त्यात गाणारा आणि चितारणारा हात एकाच माणसाचा आहे.

बेटमनच्या चालीची प्रत सोबत जोडली आहे. ती पेटीवर वाजव, एकदा गंभीरपणे आणि एकदा क्रुकशँकच्या ठसक्यात, आणि त्यानंतरही चाइल्ड यांचेच मत तुला योग्य वाटले तर तसे सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित