पावडर निवडताना जोर नव्हे, मोजमाप बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पिस्तूल नेमबाजीवरचा लेख आवडला. या खेळाच्या वाट्याला एवढी जागा सहसा येत नाही. मात्र रिकाम्या काडतुसात स्वतः दारू आणि गोळी भरणाऱ्यांनी पावडर, म्हणजे ही दारू, कशी निवडावी, हे सांगताना लेखकाने घाई केली आहे. सर्वांत जलद जळणारी पावडर सर्वांत कमी लागते, म्हणून तीच सर्वांत चांगली, असा त्यांचा सूर आहे. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि परवानाधारक नेमबाज म्हणून रिव्हॉल्व्हरची .३८ स्पेशल जातीची काडतुसं स्वतः भरते. जलद पावडर कमी लागते हे खरंच आहे. ती सर्वांत चांगली कशी, हे मात्र लेखात कुठेच सिद्ध झालेलं नाही.

आधी लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल दोन शब्द. वाटीत दिसते ती काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. आजच्या पिस्तुलाच्या काडतुसात असते ती धूरविरहित पावडर. तिचा पाया नायट्रोसेल्युलोजचा. काही जातींत नायट्रोग्लिसरीनही असतं, आणि त्यांना डबल बेस म्हणतात. फ्रान्समध्ये पॉल व्हिएइ यांनी १८८४ मध्ये पहिली यशस्वी धूरविरहित पावडर बनवली. आल्फ्रेड नोबेल यांनी १८८७ मध्ये नायट्रोग्लिसरीन घातलेल्या बॅलिस्टाइटचं पेटंट घेतलं. काळी दारू आणि धूरविरहित पावडर यांची मापं एकमेकींच्या जागी चालत नाहीत, त्यामुळे हे चित्र नुसतं जुनाट नाही, धोक्याचंही आहे.

हा इतिहास उगाच सांगत नाही. .३८ स्पेशल काडतूस १८९८ च्या सुमारास आलं, तेव्हा ते काळ्या दारूने भरत असत. काळी दारू भरपूर लागते, म्हणून केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, लांब ठेवली. नंतर दारू बदलली, पण केस तेवढीच राहिली. आज त्यात बुल्सआयसारख्या जलद पावडरची हलकी मात्रा टाकून आत डोकावलं तर तळाशी पातळ थर दिसतो आणि वर सगळी पोकळी. चुकून दुसऱ्यांदा तीच मात्रा पडली तरी केस भरून वाहत नाही. वर गोळी बसवली की बाहेरून काहीच कळत नाही. अशा काडतुसात दाब नुसता दुप्पट होऊन थांबत नाही, त्याहून बराच वर जातो, आणि मग रिव्हॉल्व्हरचं काडतुसं बसणारं सिलिंडर फुटतं. नवशिक्याला पावडर सुचवताना मी पहिली चौकशी हीच करते, की दुहेरी मात्रा पडली तर डोळ्याला दिसेल का? रेड डॉटसारखी मोठ्या चकत्यांची, फुललेली पावडर तेवढ्याच वजनात जास्त जागा घेते. ही तिची फार मोठी जमेची बाजू आहे.

पण हिलाही खोट आहेच. काडतुसं भरताना आपण पावडर वजनाने नाही, आकारमानाने मोजतो. मापक यंत्राच्या पोकळीत ती पडते, दांडा फिरवला की केसमध्ये उतरते. मोठ्या चकत्या त्या पोकळीत कधी आडव्या पडतात, कधी उभ्या. दांडा फिरवताना कडेला सापडून कापल्या जाताना हाताला कचकच जाणवते. एचपी-३८ सारखी बारीक, चपटलेल्या गोल कणांची पावडर पाण्यासारखी ओघळते. ग्रेन हे वजनाचं छोटं एकक. रायफलच्या चाळीस ग्रेनच्या मात्रेत दशांश ग्रेनचा फरक म्हणजे पाव टक्का. पिस्तुलाच्या तीन ग्रेनच्या मात्रेत तोच फरक तीन टक्क्यांच्या वर जातो. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांच्या तराजूची अचूकताच दशांश ग्रेनपर्यंत. म्हणून एकेक मात्रा तोलत बसू नये. दहा मात्रा एकत्र तोलून दहाने भागावं आणि असं पाच-सहा वेळा करावं. उत्तरं एकमेकांजवळ आली तर आपल्या मापकाचं आणि त्या पावडरचं जमतं म्हणायचं. मैत्रिणीच्या मापकाचं जमत असेल, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

जवळपास रिकाम्या केसमुळे आणखी एक गोष्ट घडते, लेखात तिचा उल्लेखच नाही. पावडर आत इकडून तिकडे सरकते. रेंजवर वेगमापक लावा, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून खाली झुकवा, सावकाश वर आणा आणि झाडा. पावडर गोळीपाशी होती. पुढच्या वेळी रेंज अधिकाऱ्याला सांगून नळी थोडी वर करून मग खाली आणा. आता पावडर प्रायमरपाशी, म्हणजे केसच्या बुडाला ठिणगी पाडणाऱ्या टोपीपाशी आहे. पहिल्या रीतीने वेग कमी येतो, दुसऱ्या रीतीने जास्त. काही पावडरींत हा फरक नगण्य असतो, काहींत डोळ्यात भरण्याइतका. टाइटग्रुप बनवणारे तर पावडर केसमध्ये कुठेही असली तरी फरक पडत नाही, हेच तिचं वैशिष्ट्य म्हणून सांगतात. जाहिरातीवर विसंबू नये, आपल्या हत्याराने करून पाहावं.

बचतीचं गणितही घालतेच, फळा सुटला तरी खोड जात नाही. एका पौंडात ७००० ग्रेन. तीन ग्रेनच्या मात्रेने सुमारे २३३० काडतुसं होतात, चार ग्रेनच्या मात्रेने १७५०. (हे आकडे भागाकारापुरते आहेत, कुणी ते भरायला घेऊ नयेत.) फरक मोठा वाटतो. पण काडतुसाच्या खर्चात गोळी आणि प्रायमर यांच्यापुढे पावडरचा वाटा लहान असतो, त्यामुळे ही बचत हातात उरत नाही.

अचूकतेविषयी एवढंच की २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रिसिजन लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. एका जागी टेकवून, नीट भरलेल्या दहा गोळ्या झाडल्या तर बहुतेक चांगल्या पावडरी त्याच्या आत बसतात. उरलेली चूक आपल्या बोटाची. अर्धस्वयंचलित पिस्तूल वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांची मात्रा इतकी हलकी नको की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे जाणारच नाही.

आता गंभीर हरकत. लेखातल्या चौकटीत एका पावडरची मात्रा ग्रेनमध्ये छापली आहे. गोळीचं वजन नाही, ती शिशाची की तांब्याच्या आवरणाची ते नाही, किती खोल बसवायची ते नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असला हा प्रकार. गोळी थोडी जास्त खोल बसली तरी आतली जागा घटते आणि दाब चढतो. मात्रा घ्यायची ती पावडर बनवणाऱ्याच्या चालू तक्त्यातून, त्याच गोळीसाठी दिलेली, आणि सुरुवात तिथल्या किमान आकड्यापासून. जळण्याच्या वेगाच्या यादीत शेजारी दिसते म्हणून एकीची मात्रा दुसरीला लावू नये. ती यादी फक्त क्रम सांगते, अंतर सांगत नाही. चौकटीची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

टेबलावर एका वेळी एकच डबा असावा. काम संपलं की मापकातली पावडर मूळ डब्यात परत ओतावी. डबल बेस पावडर रात्रंदिवस राहिली तर मापकाचं प्लास्टिक खराब होतं, आणि दुसऱ्या दिवशी आत कोणती पावडर आहे हे कुणालाच आठवत नाही. रंगावरून ती ओळखता येत नाही. जुना डबा उघडल्यावर झोंबरा, आंबूस वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर पावडर कुजायला लागली आहे. तिचा मोह सोडावा आणि उत्पादकाने सांगितलेल्या रीतीने ती नष्ट करावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि नेमबाज