डर्बीच्या रविवारआधी मिलिंदला

पंचवटी, नाशिक
जानेवारीअखेर

प्रिय मिलिंद,

परवा फोनवर तू म्हणालास, "रविवारच्या इंडियन डर्बीत कोणता घोडा जिंकणार ते एका वाक्यात सांग." एका वाक्यातलं उत्तर हे : डिसेंबरातल्या गिनीज शर्यतीत तिसरा आलेला तो कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडा. पण मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर तू पहिल्यांदाच येतोयस, आणि नुसती टिप खिशात घालून तिथं बसलास तर दिवस फुकट जाईल. म्हणून हे लांबलचक पत्र. घोड्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एखादं नाव आवडलं की तू घोड्याकडे बघायचंच सोडून देशील, मी तुला शाळेपासून ओळखतो. रेसबुक हातात आलं की कोण कोणता ते तुझं तुला कळेल.

आधी डर्बीच घेऊ, कारण माझं सगळं लक्ष तिथंच आहे. फेब्रुवारीचा पहिला रविवार, अंतर २४०० मीटर, आणि धावणारे सगळे चार वर्षांचे. इंग्लंडातल्या एप्समच्या डर्बीत तीन वर्षांचे घोडे धावतात, आपल्याकडे त्यांना एक वर्ष जास्त मिळतं. पाठीवर वजन नराला ५७ किलो, घोडीला ५५.५. एरवीच्या हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून त्याला खाली खेचतात आणि कमी प्रतीच्याला हलकं सोडतात. डर्बीत तशी मेहरबानी कुणालाच नाही. ज्याच्यात दम आहे तोच पुढं येतो. अडीच मिनिटांच्या आसपास सगळा खेळ संपतो, पण त्यातली पहिली दोन मिनिटं घोडा स्वतःला किती राखतो यावर शेवटची तीस सेकंदं ठरतात.

भाव, म्हणजे जिंकल्यास रुपयामागे मिळणारे पैसे, सगळ्यात कमी असेल तो गिनीज जिंकलेल्या घोड्याचा, कारण लोकांची पसंती त्यालाच. डिसेंबरातली टू थाउजंड गिनीज १६०० मीटरची. तिथं तो पहिल्यापासून पुढं राहिला आणि पुढंच संपवलं, दिसायला देखणा विजय. पण तू ती शर्यत पुन्हा बघ आणि त्याचं तोंड बघ. अर्ध्या वाटेपर्यंत तो लगाम ओढत होता, जॉकीचे दोन्ही हात ताणलेले. १६०० मीटरला ते खपून गेलं. आणखी ८०० मीटर तेच केलं तर शेवटच्या वळणानंतर पाय जड होणार. शिवाय त्याच्या आईची बाजू सगळी आखूड पल्ल्याची, १००० नि १२०० मीटरवाली. रक्तातलं अंतर असं सहजी बदलत नाही.

माझा कुमैत त्याच शर्यतीत मागून आला. निम्म्या वाटेवर सहावा-सातवा होता, आत अडकलेला. वाट मोकळी मिळाली तेव्हा दोनशे मीटर उरले होते, आणि तेवढ्यात त्याने चार घोडे मागं टाकले. विजयाची रेघ ओलांडून गेल्यावरही त्याचा वेग उतरत नव्हता, जॉकीला त्याला आवरायला बराच पुढपर्यंत जावं लागलं. मला डर्बीचा घोडा तिथं दिसला. या पंधरवड्यातला त्याचा सरावही शांत आहे. सरावाच्या वेळा छापून येतात त्या वाचताना एक लक्षात ठेव : ६०० मीटर ३८ सेकंदांत मारणाऱ्या घोड्यापेक्षा ४० सेकंदांत आरामात आलेला घोडा मला जास्त आवडतो. सकाळच्या सरावाला बक्षीस नसतं.

घोडीला मात्र हलक्यात घेऊ नकोस. ओक्स, म्हणजे फक्त घोडींची २४०० मीटरची शर्यत, जिंकलेली ती बारीक अंगाची घोडी धावणार आहे, म्हणजे २४०० मीटर तिला झेपतात हे सिद्ध झालेलं आहे, आणि दीड किलोची सवलतही आहे. १९४३ ला पहिली इंडियन डर्बी झाली तेव्हा ती प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीनेच जिंकली होती, आणि २०१० ला जॅकलिनने नरांना मागं टाकलं. माझी शंका एवढीच की ओक्स होऊन फार दिवस झालेले नाहीत. तिचा थकवा भरून निघालाय की नाही, ते आपल्याला पॅडॉकमध्येच, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारातच कळेल. बंगळूरहून आलेल्या पाहुण्याबद्दल मी गप्प आहे. घोडा दर्जेदार आहे, पण एवढा प्रवास करून आलेला घोडा चारा नीट खातोय का हे पागेतल्या माणसालाच ठाऊक.

तर पॅडॉक. मिलिंद, बाकी काही चुकलं तरी चालेल, पण प्रत्येक शर्यतीआधी पॅडॉकच्या कठड्याशी उभं राहायचं. तुला आठवतं ना, मामांबरोबर आपण मंगळवारी येवल्याच्या घोडेबाजारात जायचो? व्यापारी देवमण, म्हणजे अंगावरचा शुभ मानलेला भोवरा दाखवायचे, चार पाय नि तोंड पांढरं असलं की पंचकल्याणी म्हणून किंमत चढवायचे, आणि मामा त्यातलं काही न ऐकता घोडा चालवून दाखवा म्हणायचे. मग खाली वाकून मातीतले ठसे बघायचे. मागच्या पायाचा खूर पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, की त्याच्या पुढं? चार बोटं पुढं पडला तर घोडा कमरेतून मोकळा आहे, मागून जोर काढणारा आहे. अलीकडे पडला तर कुठंतरी आखडलाय. नाशिकरोड स्टेशनवर त्यांनी टांगा चालवला तो याच परीक्षेवर घेतलेल्या घोड्यांनी. महालक्ष्मीलाही मी तेच बघतो. तिथले घोडे लाखोंचे, पण चार पाय तेच. मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस आलाय का बघ, फेस म्हणजे घोडा शर्यतीआधीच अर्धी शर्यत धावून मोकळा झाला. कान हलते हवेत, डोळा शांत हवा. पंचकल्याणी आहे म्हणून पैसे लावलेस तर मामांची शप्पथ आहे तुला.

मैदान या दिवसांत कडक असतं. पुण्याचा मोसम पावसाळ्यात, तिथली जमीन मऊ. जुलै-ऑगस्टात पुण्याच्या चिखलात जिंकलेला घोडा फेब्रुवारीत मुंबईत तसाच धावेल असं नाही. रेसचा क्लब पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमीन किती कडक ते मोजणाऱ्या यंत्राचा आकडा जाहीर करतो, तो बघून घे.

बाकीच्या शर्यतींत माझा जीव फक्त एकीत आहे. १४०० मीटरच्या हँडिकॅपमध्ये तो सहा वर्षांचा सब्जा, म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाचा घोडा. वर्षभर हरत आलाय, म्हणून त्याचं रेटिंग उतरलंय, वजन हलकं झालंय, वर शिकाऊ जॉकी म्हणून वजनात आणखी सवलत. लोक म्हणतात म्हातारा झाला. मला गेल्या दोन शर्यतींत तो सुधारताना दिसला, शेवटी पाय उचलत होता. भावही चांगला मिळेल. दिवसातली माझी खरी पसंती हाच. नवख्या घोड्यांच्या १००० मीटरमध्ये मी हात घालणार नाही. तिथं गेटमधून कोण कसा सुटतो यावरच निकाल लागतो, आणि पहिल्यांदा धावणाऱ्या पोराबद्दल कोण काय सांगणार?

पैशाचं बोलतो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ ला म्हटलं, पण त्यामुळे तुझा खिसा सुरक्षित होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या पैजांवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे बरोबर अंदाज आला तरी हातात येणारं कमीच. जॅकपॉटच्या नादी लागू नकोस, पाच शर्यतींचे पाच विजेते अचूक सांगणं माझ्याही आवाक्याबाहेरचं आहे. टानालासाठी, म्हणजे पहिले तीन घोडे क्रमाने सांगायच्या पैजेसाठी, माझा क्रम कुमैत, घोडी, गिनीजवाला. सिनेमाच्या तिकिटाला घालवतोस तेवढेच आण, बाकी वहिनींकडे ठेवून ये.

हे मैदान १८८३ पासून तिथं आहे. २११ एकरांपैकी १२० एकर आता उद्यानासाठी महापालिकेकडे गेले आहेत. त्यामुळे शर्यत बघशीलच, पण गर्दी व्हायच्या आत ती मोकळी हिरवळ कठड्यावरून एकदा मनसोक्त बघून घे. मला तर दरवेळी तिथं छाती भरून येते.

मी पंचवटी एक्सप्रेसने येतो. साडेदहा-पावणेअकराला दादरला पूर्वेकडच्या पुलाखाली थांब, तिथून स्लो लोकलने महालक्ष्मी. परतीची पंचवटी मिळणार नाही, रात्री तुझ्याकडेच मुक्काम, वहिनींना आधी सांगून ठेव. आणि शनिवारी रात्री मला फोन करून तुझा डर्बीचा घोडा कोणता ते कारणासकट सांग. मैदानावर पोचल्यावर बदललेला मी धरणार नाही.

तुझा,
रवी