राजीखुशीने

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळ्या धडधाकट आहोत. आईची साखर वरखाली, आजीचे गुडघे होते तसेच, चिमी माझ्या कानाला लागली. झाली तब्येतीची बातमी. फोन केला नाही, कारण तुला हे घर ठाऊक आहे. चार बायका, आणि कुठल्याही खोलीत कुजबुजलं तरी पहिल्यांदा आजीला ऐकू जातं. टीव्ही तेवढा तिला ऐकू येत नाही.

दीड वर्ष मी तुला एक ओळ लिहिली नाही. त्या दिवशी स्टँडवर मी म्हणाले होते, "दोन खोल्यांसाठी भावाला कोर्टात ओढतेस?" तू काही बोलली नाहीस. पिशवी उचललीस, गाडीत बसलीस, खिडकीतून हातही केला नाहीस. मी तिथून घरी येईपर्यंत माझंच बरोबर कसं, हे मनात घोळवत होते. ठमे, ते वाक्य मी परत घेते. उशिरा घेते, पण मनापासून घेते.

मामाने कागद पाठवलाय. हक्कसोडपत्र, म्हणजे घरातला आपला वाटा सोडल्याचं लिहून द्यायचं. बिल्डरशी बोलणी झालीत म्हणे, हे घर पाडून इमारत करायची, आणि तो म्हणतो एकाच नावावर असलं की काम सोपं. आई आणि आजी, दोघींनी सही करायची. "अक्का, नुसतं कागदापुरतं. तुम्हाला घराबाहेर कोण काढतंय?" फोनवर त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. माझी अडचण तीच आहे. मामा वाईट असता तर मी कधीच भांडून मोकळी झाले असते. माझ्या बी.एड.ची फी त्याने भरली. बाबांनी आईला परत पाठवलं त्या वर्षी मला खांद्यावर बसवून आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी दाखवायला तोच न्यायचा. तुझी सायकल ओढ्यात गेली तेव्हा कोणी काढून दिली, आठवतं? (आणि ती मी ढकलली नव्हती. हे तुला तिसाव्यांदा सांगतेय.)

आई लगेच तयार झाली. चष्मा शोधायला लागली. मी म्हटलं, थांब, वाच तरी. तर म्हणते, "काय वाचायचंय? भाऊ आहे तो माझा. भाऊबीजेला कोण येणार मग, कागद?" तिच्या त्या वाक्यापुढे मला काही बोलता येईना. कारण तुला स्टँडवर मी जे बोलले होते ना, ते तिच्याच तोंडून शिकलेलं होतं.

मग मी वाचायला बसले, तू बसली होतीस तशी. आजोबा २०११ साली गेले, मृत्युपत्र नव्हतं, घर त्यांच्या स्वतःच्या पगारातलं. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे घराच्या सरकारी नोंदीवर, तिघांची नावं लागली आहेत. म्हणजे आजीचा, आईचा आणि मामाचा सारखा वाटा, तिसरा तिसरा. मला आपलं वाटत होतं की मुलींना जे काही मिळालं ते हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने. तसं नाही. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ पासून आहे. पण त्याच कायद्यात २३ वं कलम होतं. घरचेच लोक राहत असतील त्या घराचं वाटप मुलीने मागायचं नाही, मुलगे आपण होऊन वाटून घेईपर्यंत थांबायचं. लग्न न झालेली, नवऱ्याने टाकलेली, वेगळी राहणारी किंवा विधवा असेल तर तिला नुसता राहण्याचा हक्क. ते कलम गेलं ९ सप्टेंबर २००५ ला.

नुसता राहण्याचा हक्क. ठमे, आई या घरात इतकी वर्षं तशीच राहिली गं. कलम जाऊनही तशीच. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी मामाला फोन. आणि २०१९ च्या पुरात पाणी ओसरल्यावर हा गाळ कोणी काढला? मामाने पैसे पाठवले, नाही म्हणत नाही. पण देवघराच्या फरशीच्या सांध्यांतला चिखल आईने जुन्या टूथब्रशने काढला, आठ दिवस, गुडघ्यांवर बसून. पाण्याची रेघ अजून जिन्याच्या भिंतीवर आहे. तिने त्यावर रंग लावू दिला नाही.

आता खरी गोष्ट ऐक, जिच्यासाठी लिहायला घेतलं.

आजीने कागद मागितला. आम्हाला वाटलं, सहीसाठी. तर ती खिडकीपाशी भिंग घेऊन बसली आणि ओळीवर बोट ठेवून दुपारभर वाचत राहिली. मध्येच बोट थांबलं. "राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, कसलाही मोबदला न घेता." दोनदा मोठ्याने वाचलं. मग विचारते, "हे कोणी लिहिलं? मला कोणी विचारलं होतं, मी राजी आहे का खुशी?"

आई म्हणाली, "अगं, तसं लिहायची पद्धतच असते."

"ठाऊक आहे. माझ्या बापाच्या तेराव्याला हेच लिहून आणलं होतं. पंगत उठली आणि थोरल्याने दौत पुढे केली. सही येत होती मला, तरी अंगठा घेतला, लवकर होतं म्हणून. एक लुगडं दिलं. हिरवं. ते मी नेसले नाही कधी."

ठमे, हे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं. ट्रंकेच्या तळाशी ते लुगडं आपण दोघींनी पाहिलंय! भातुकलीला मागितलं म्हणून तिने आपल्याला हाकललं होतं, आणि तू म्हणालीस, तुझी आजी कंजूष आहे. आपण आठवडाभर बोललो नव्हतो त्यावरून.

आई काही बोलली नाही. उठून नळाखाली भांडी घासत बसली, घासलेलीच. चिमीने विचारलं, "मग आपण सगळ्या कुणाच्या घरात राहतो?" कुणी उत्तर दिलं नाही.

आजीने कागदाची घडी घालून तो तांदळाच्या डब्यात ठेवला. परवा मामा येतोय, दोघींना दुय्यम निबंधकाकडे कागदाच्या नोंदणीला न्यायला. आजी येणार नाही, हे मला दिसतंय. पण आई? एकदा नोंदणी झाली की नुसतं मन बदललं म्हणून मागे फिरता येत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ गेला तर तो कुठून आणशील?" यावर माझ्याकडे काही नाही. म्हणून तुला विचारते, दुसरं कुणाला विचारू? तू भावाशी पहिलं वाक्य काय बोललीस? नोटीस नव्हे, तोंडाने काय बोललीस? आणि तो येतो का आता भाऊबीजेला? खोटं धीराचं लिहू नकोस. येत नसेल तर येत नाही असंच लिही, मला आईला खरं सांगायचंय.

तुझं कसं आहे? धाकट्याची दहावी ना यंदा? पाठीचं दुखणं थांबलं का? सासूबाईंना नमस्कार. सगळं सविस्तर विचारायचंय, पण आजी आत्ताच दोनदा खाकरली, म्हणजे दिवा घालवायला सांगतेय.

लवकर लिही.

तुझी,
बाकावरची डावीकडची

ता. क. आजीला कळलंच मी कुणाला लिहितेय. म्हणाली, "तिला सांग, ते लुगडं आता घेऊन जा म्हणावं. पोरीच्या खेळण्याला."