गुळव्याला आदणावर, तिला रोजावर

महोदय,

गुऱ्हाळ म्हटलं की नाव निघतं गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराचं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का ते पाहायचं आणि ११४ ते ११८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरवायची, हे कसब मोठंच. पण ते तडीस जातं चुलाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, जिवावर. आणि लातूर-परभणीकडच्या छोट्या गुऱ्हाळांवर उसाचं चिपाड वाळवणं, चुलाणात सारणं हे काम बहुधा बायकांकडे असतं.

चरकातून निघालेल्या चिपाडात जवळपास निम्मं पाणी असतं. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळालं नाही की नुसता धूर. आच पडते, रस रेंगाळत उकळतो, साखरेचं विघटन होतं. गूळ काळसर, मऊ आणि पावसाळ्यात पाझरणारा निघतो. आच जास्त झाली तर पाक तळाला करपतो. भेंडीची खोडं ठेचून चिकट पाणी काढायचं तेही बाईनंच. ते रस उकळण्याआधी पडलं नाही तर मळी नीट वर येत नाही. मग रंग उजळायला हायड्रॉस या रसायनाची पुडी सुटते. बोलणी मात्र भेंडीवालीला!

मजुरी गुळव्याला आदणामागे, म्हणजे काहिलीच्या दर खेपेमागे. चुलाणावरच्या बाईला रोजावर, तोही गड्यापेक्षा कमी. आच राखणारीलाही आदणामागे दर ठरवा. गूळ प्रशिक्षणाचं बोलावणं फक्त गुऱ्हाळाच्या परवानाधारकाच्या नावानं न काढता तापमापी तिच्याही हाती द्या. चुलाणाला पुरेसं उंच धुराडं तर मालकानं याच हंगामात बांधावं.

– एक गूळ उत्पादक, जि. लातूर