प्री-वर्कआउटच्या डब्यावरील परस्परविरोधी सूचनांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पावडर कधी व कशासोबत घ्यावी याबाबतची दिशाभूल आणि कॅफीनचे न छापलेले प्रमाण

महोदय/महोदया,

आपल्या प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायच्या, कॅफीनयुक्त पावडरच्या डब्यावर ‘व्यायामापूर्वी एक स्कूप रिकाम्या पोटी’ असे छापले आहे. आतल्या माहितीपत्रकात मात्र ‘हलक्या आहारासोबत’ असे आहे. कस्टमर केअरला फोन केला, तर ‘दोन्ही चालते, सोयीने घ्या’ असे सांगण्यात आले. दोन्ही चालत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

डब्यावरच्या सूचनेप्रमाणे घेतले की वॉर्मअप संपायच्या आत मळमळते, छातीत धडधडते आणि हात थरथरू लागतात. माहितीपत्रकाप्रमाणे खाता-खाताच घेतले, तर वजने उचलताना काहीच जाणवत नाही. तरतरी येते ती घरी परतल्यावर, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

याचे कारण आपल्या तज्ज्ञांना माहीत असणारच. कॅफीनची रक्तातील पातळी साधारण 30 ते 60 मिनिटांत सर्वाधिक होते. पोटात अन्न असेल, त्यातही ते स्निग्ध किंवा तंतुमय असेल, तर जठर सावकाश रिकामे होते आणि ही वेळ पुढे ढकलली जाते. कॅफीन वाया जात नाही, फक्त उशिरा पोहोचते. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्याला हा उशीर महागात पडतो, कारण अर्धे कॅफीन शरीरातून जायलाच सुमारे 5 तास लागतात, काहींना त्याहूनही जास्त. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या 6 तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून अधिक घटल्याचे दिसले होते. डब्यावर झोपेविषयी एक अक्षर नाही.

त्याहून गंभीर बाब म्हणजे एका स्कूपमध्ये कॅफीन किती, हेच आपण सांगत नाही. ‘एनर्जी ब्लेंड’ या नावाखाली सगळ्या घटकांचे मिळून एकच वजन दिले आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानले आहे. चहा-कॉफी धरून हा हिशेब ग्राहकाने कसा करायचा? आपल्या ‘गुप्त मिश्रणा’पेक्षा माझ्या हृदयाचे ठोके महत्त्वाचे आहेत, असे मला वाटते.

कान आणि गाल झिणझिणतात, हेही मी फोनवर सांगितले होते. ‘पोट रिकामे असेल’ असे उत्तर आले. ही झिणझिण पावडरमधल्या बीटा-अॅलानिन या अमिनो आम्लाची आहे. एकदम मोठी मात्रा घेतली की ती जाणवते आणि मात्रा विभागून घेतली की कमी होते. शिवाय बीटा-अॅलानिन आणि क्रिएटिन हे घटक रोजच्या सेवनाने काही आठवड्यांत स्नायूंत साठून काम करतात. त्यांना व्यायामाआधीच्या घटिकेची गरज नाही. उत्पादनाविषयी उत्तर देणाऱ्यांना एवढे तरी माहीत असावे.

प्रत्येक स्कूपमधील कॅफीन मिलिग्रॅममध्ये, ठळकपणे छापावे. ‘व्यायामापूर्वी’ म्हणजे किती मिनिटे, ते लिहावे. हलका आहार म्हणजे काय, हेही स्पष्ट करावे : सहज पचणारे कर्बोदक, थोडी प्रथिने, कमी स्निग्धांश. तो तासभर आधी घ्यावा आणि पावडर त्यानंतर, व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी, असा क्रम दिला तर माझ्यासारख्या नाजूक पोटाच्या माणसालाही ते वापरता येईल. झोपेच्या किती तास आधी घेऊ नये, ही सूचनाही हवी.

उरलेला डबा परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि माझ्या डब्याच्या बॅचमधील कॅफीनचे प्रमाण लेखी कळवावे. बॅच क्रमांकाचे छायाचित्र व खरेदीची पावती सोबत जोडली आहे. ‘सोयीने घ्या’ हे उत्तर मी पुन्हा स्वीकारणार नाही.

कळावे,
आपली एक ग्राहक