पॅरा-झायलीन अजूनही 24 टक्केच!

प्रति,
व्यवस्थापक, कॅटॅलिस्ट विभाग

विषय : झेडएसएम-5 या झिओलाइट कॅटॅलिस्टचा (उत्प्रेरकाचा) सदोष लॉट बदलून देणे

आज तुमच्या मदत कक्षाला अकरावा फोन केला. बारावा करणार नाही, म्हणून हे पत्र.

टोल्युइनपासून बेंझीन आणि झायलीन काढायला तुमचा लॉट रिअ‍ॅक्टरमध्ये भरला. झायलीनमध्ये पॅराचा वाटा 85 टक्के, ही तुमची लेखी हमी. क्रोमॅटोग्राफवर येतात 24. हा आकडा कुठून येतो ते तुम्हाला सांगायला नको. पॅरा, मेटा, ऑर्थो या तिन्ही झायलीनचा समतोल झाला की पॅरा एवढंच उरतं. म्हणजे दाण्यांचा बाहेरचा पृष्ठभाग निष्क्रिय करणारा सिलिकाचा लेप चढलेलाच नाही. छिद्रांतून सुटलेलं पॅरा बाहेरच्या पृष्ठभागावर पुन्हा मेटा-ऑर्थो होऊन बसतंय.

हे तुमच्या माणसाला चारदा समजावलं. तो म्हणाला, "सर, पॅरा, मेटा, ऑर्थो, तिन्ही झायलीनच ना?" म्हटलं, हो. "मग एकूण झायलीन तर बरोबर येतंय!" म्हटलं, अहो, पॅरा 138 अंशांना उकळतं, मेटा 139ला. साध्या ऊर्ध्वपातनाने ती वेगळी होत नाहीत, म्हणून तर तुमचा महागडा माल घेतला; पॉलिएस्टरवाल्यांना पॅराच लागतं. पलीकडे बराच वेळ कीबोर्डची टकटक. मग, "सर, वापरण्यापूर्वी ड्रम हलवला होता का?" कॅटॅलिस्ट आहे हो, खोकल्याचं औषध नव्हे! शेवटी त्याने फोन जोडून दिला तो पाणी मऊ करणाऱ्या विभागाला. तिथल्या बाईंनी मिठाचं पाणी सोडून बघायला सांगितलं. मिठातल्या सोडियमने कॅटॅलिस्टची आम्लस्थानं, म्हणजे अभिक्रिया घडवणाऱ्या जागाच मरतात, हे तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय.

संयमाने लिहायचं ठरवलं होतं.

"कोक बसला असेल," असं तुमच्या मेलमध्ये आहे. कोक, म्हणजे कार्बनचा थर, बसला की टोल्युइनचं रूपांतरण घटतं आणि पॅराचा वाटा उलट वाढतो. इथे रूपांतरण ठणठणीत आहे, पॅरा मात्र 24. नुसता झिओलाइटच हवा असता तर पुण्या-नाशकाकडच्या बेसॉल्टच्या खाणींत गेलो असतो. तिथे हमीपत्र मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

आठ दिवसांत लॉट बदलून मिळाला नाही, तर तुमची बँक गॅरंटी वटवू. इतकी वर्षं तुमच्याच मालावर युनिट चालवलं, याचं वाईट वाटतं.

प्रॉडक्शन मॅनेजर

ता.क. आत्ताच संध्याकाळच्या पाळीचा नमुना तपासून आला. 24.1.